हॅसलकोटचा करडा ट्रॅक्टर

थंडी पडायला लागली की प्रमोदिनी देवस्थळीला सकाळी ट्रॅक्टर ऐकू यायचा.

सुरू झालेला नव्हे, सुरू होऊ पाहणारा. घर्र, घर्र, घर्र, आणि थांबायचा. जरा दम खायचा आणि पुन्हा घर्र. छातीत कफ साठलेल्या माणसाने उठायचा प्रयत्न करावा आणि उठता येऊ नये, तसा तो आवाज. ती हातातली किटली खाली ठेवून किचनच्या खिडकीशी जायची. अंगणापलीकडे विटांची शेड, शेडचं दार बंद, दारावरचं कुलूप गंजलेलं. मधल्या गवतावर पांढरं दंव, आणि त्या दंवावर एकही पाऊल उमटलेलं नसायचं.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिचं सगळं आयुष्य हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेलं होतं. रक्ताची नळी मशीनमध्ये ठेवायची, आकडा येईल तो मानायचा. अशा बाईने लोकांना काय सांगायचं, की चार वर्षांपूर्वी गेलेला नवरा थंडीत ट्रॅक्टर चालू करतो म्हणून?

पद्माकर देवस्थळी भूलतज्ज्ञ होता. दोघं सहासष्ट साली नाशिकहून इंग्लंडला आली, स्लाऊला सतरा-अठरा वर्षं राहिली. अलका तिथेच जन्मली, तिथेच शाळेत गेली. मग मिल्टन कीन्सला नवं हॉस्पिटल उभं राहिलं आणि पद्माकरला तिथे कन्सल्टंटची जागा मिळाली. बरोबरीच्या डॉक्टरांनी नव्या शहरात नवी घरं घेतली. तिथे एका राउंडअबाउटवरून दुसऱ्यावर जायचं, तिसऱ्यावर वळायचं, आणि सगळीकडे सारख्याच विटांची सारखीच घरं. पद्माकरने मात्र शहराबाहेरच्या हॅसलकोट नावाच्या खेड्यात, एका अरुंद रस्त्याच्या शेवटी, जुनं शेतघर घेतलं. जमीन आधीच विकली गेली होती. राहिलं होतं घर, एक शेड, आणि शेडमध्ये कोणी न नेलेला करड्या रंगाचा जुना पेट्रोलचा फर्ग्युसन ट्रॅक्टर.

नाशिकला पद्माकरने साधी स्कूटरसुद्धा कधी उघडून पाहिली नव्हती. पण या ट्रॅक्टरने त्याला नादी लावलं. संध्याकाळी जेवण झालं की तो शेडमध्ये. प्लग काढून घास, कार्ब्युरेटर धू, एकेक नट रॉकेलच्या डब्यात भिजत घाल. प्रमोदिनी म्हणायची, "अहो, दिवसभर उभे असता, जरा बसा की." तो हात पुसत हसायचा. "दिवसभर मी माणसांना झोपवतो. घरी आल्यावर काहीतरी उठवायला नको?"

आणि एका वसंतात त्याने तो उठवला. सगळा रस्ताभर फट्फट् करत नेला. शेजारचा सिरिल व्हिटॉक, वुल्व्हर्टनच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेला, फाटकाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. तेव्हापासून दोघांची दोस्ती जमली.

मग शहाऐंशीचा डिसेंबर आला. एका साध्या ऑपरेशनमध्ये पद्माकरने भूल दिलेली तरुण बाई पुन्हा जागी झालीच नाही. चौकशी बसली. पद्माकर रोज कामावर जात राहिला, पण घरात बोलेनासा झाला. ताटातली पोळी तशीच राहायची. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, दमलोय." आणि शेडमध्ये जाऊन बसायचा. त्या थंडीत त्याने शेडच्या भिंतींतल्या फटी बुजवल्या, आतून छपराला जाड फेल्ट ठोकलं, म्हणजे इंजिनाला हिम लागायला नको. फटींत कोंबायला जुनी ब्लँकेटं प्रमोदिनीनेच काढून दिली होती.

जानेवारीत पूर्वेचा वारा सुटला, हाडांत शिरणारा. दोन दिवस बर्फ पडत राहिलं. लॅबमध्ये माणसं कमी, म्हणून प्रमोदिनी रात्री हॉस्पिटलमध्येच राहिली. सकाळी पद्माकरचा फोन आला. "रस्ता बंद आहे. मी ट्रॅक्टर काढतो. तू कोणाच्या तरी गाडीतून मोठ्या रस्त्यापर्यंत ये, मी तिथे येतो." आवाज रोजचाच होता, जरा ताजातवानाही वाटला. ती मोठ्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. शेवटी पांढऱ्या रस्त्यावरून पोलिसांची लँडरोव्हर आली आणि आतल्या माणसाने तिचं नाव विचारलं.

इंजिन चालू, शेडचं दार लागलेलं, वर दिवा जळत होता, आणि पद्माकर सीटवर पुढे स्टिअरिंगवर वाकलेला. व्हिटॉकला तो तसा सापडला.

अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरसमोर सगळं आलं. हॉस्पिटलची चौकशीही आली, बुजवलेल्या फटीही आल्या. ब्लँकेटं मी दिली होती, असं प्रमोदिनीने उभं राहून सांगितलं. पण खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता आणि तो तिला स्पष्ट दिसत होता. कोणता वायू किती द्यायचा आणि कधी बंद करायचा, हे मोजण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला धुराड्यातून काय बाहेर पडतं हे माहीत नव्हतं? मृत्यू विषारी वायूने, हेतू सांगता येत नाही, असा ओपन व्हर्डिक्ट आला. उन्हाळ्यात हॉस्पिटलची चौकशी संपली. त्या बाईला भुलीच्या औषधाची कोणालाच माहीत नसलेली ॲलर्जी होती, डॉक्टरांचा दोष नाही. ते वाचून प्रमोदिनीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट, आता याला काय अर्थ, असं वाटून ती कितीतरी वेळ कोट न काढता जिन्यातच बसून राहिली.

स्लाऊच्या गणपतीला ती त्या वर्षी गेली. किचनमध्ये बायका बोलत होत्या. ही प्रसादाचं ताट घेऊन आत शिरली आणि बोलणं थांबलं. जुनी मैत्रीण सुप्रभा तिला बाजूला घेऊन, हात हातात धरून म्हणाली, "आदल्या दिवशी काही बोलले होते का गं ते?" सुप्रभाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढच्या वर्षी प्रमोदिनी गेली नाही.

अलका तेव्हा कॉलेजात होती. नंतर तिला रीडिंगच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. दर रविवारी फोन करायची. हवेबद्दल, ऑफिसबद्दल, फ्लॅटमेटबद्दल बोलायची. बाबा कसे गेले, याबद्दल मायलेकींत एक शब्द कधी निघाला नाही. फक्त एकदा ती म्हणाली, "आई, मला ते शेड आवडत नाही. तू ती ट्रॅक्टर विकून टाक ना."

"तो ट्रॅक्टर," प्रमोदिनी सवयीने म्हणाली.

"तो. विकून टाक."

पण विकायचा म्हणजे शेड उघडायला हवी, आणि ती तिने उघडली नाही.

पुढचे तीन हिवाळे सौम्य गेले. नव्वदच्या ऑक्टोबरात व्हिटॉक कुंपणापाशी आला. गडी आता वाळला होता. कारखान्यातली धूळ छातीत बसली होती, चार पावलं टाकली की थांबावं लागे.

"मिसेस डी.," तो म्हणाला. देवस्थळी हे नाव त्याच्या जिभेला कधीच झेपलं नाही. "यंदा थंडी कडक पडणार असं माझी छाती म्हणते. त्या ट्रॅक्टरमध्ये चार वर्षांपूर्वीचंच पाणी आहे. ते गोठू न देणाऱ्या अँटिफ्रीझचा जोर कधीच संपला असेल. पाणी आत गोठलं की फुगतं. इंजिनाच्या ब्लॉकला एकदा तडा गेला की मग तो भंगार. विकायचा तर विका, नाहीतर निदान पाणी तरी काढा."

"पाणी कसं काढतात?" तिने विचारलं.

व्हिटॉकने तिच्याकडे बघितलं. "मी बाहेर खुर्ची टाकून बसेन आणि सांगेन. आत वाकायचं काम माझ्याने होणार नाही."

त्या रविवारी तिने कुलपात तेल सोडलं, ते तासाभराने निघालं. शेडचं दार दोन झडपांचं होतं. पश्चिमेकडची झडप आतून कायमची पक्की केलेली, पूर्वेकडची तेवढी बाहेर उघडायची. आत धुळीचा, जुन्या पेट्रोलचा आणि उंदरांचा वास. ट्रॅक्टर नाक भिंतीकडे करून उभा. सीटवरच्या पोत्यात उंदराने घर केलं होतं. खुंटीवर पद्माकरची निळी डगली होती, कोपराशी ग्रीसने काळी झालेली. तिने ती काढली नाही. तिला वाटलं, आपण मागे वळलो तर कोणीतरी म्हणेल, अगं पाना दे जरा. ती मागे वळली. दारात व्हिटॉक खुर्ची उलगडत होता.

काम समजायला अवघड नव्हतं, करायला अवघड होतं. रेडिएटरखालची तोटी उघडली तसं तांबूस पाणी भळाभळा बादलीत आलं. व्हिटॉक म्हणाला, झालं. पण ओतलेलं आणि निघालेलं याचा तिला हिशोब लागेना. इंजिनाच्या कुशीला चाचपलं तर आणखी एक तोटी सापडली, गंजाने चोंदलेली. तारेने टोचल्यावर तिच्यातून गाळासारखं पाणी निघालं. "हां, ती दुसरी," व्हिटॉक खोकत म्हणाला, "तिचा मला विसरच पडला होता." टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. पेट्रोलच्या तोटीखाली काचेची छोटी वाटी असते, तिच्यात पाण्याचे थेंब मण्यांसारखे तळाशी बसले होते. थंडीत तेच गोठतात आणि पेट्रोल अडवतात. तिने ती काढून लॅबमध्ये धुवावी तशी धुतली. जाड तेल काढून हिवाळ्याचं पातळ घातलं. बॅटरी किचनमध्ये आणून चार्जरला लावली. अँटिफ्रीझ पाण्यात मिसळताना त्याचा गोडसर वास आला आणि तिचे हात थबकले. थंडीच्या दिवसांत पद्माकरच्या हातांना हा वास यायचा. तिला तो इतकी वर्षं साबणाचा वाटत होता.

दिवस कलायला आला तेव्हा ती हात पुसत बाहेर आली, व्हिटॉकशेजारी विटांच्या ढिगावर बसली. आणि चार वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मिस्टर व्हिटॉक, त्या दिवशी दार आतून लावलेलं होतं का?"

त्याने दाराकडे बोट केलं. मग म्हणाला, "लागलेलं होतं. लावलेलं नव्हतं. आत तो अडसर आहे ना, तो घातलेला नव्हता. मी एका हाताने ओढलं आणि उघडलं."

"कोरोनरला सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, दार बंद होतं का. मी म्हटलं, होतं. अडसराचं कोणी विचारलं नाही. आणि तेव्हा मला ते सुचलंही नाही. मला फक्त पद्माकर दिसत होता."

तिने मान हलवली. हातात काहीतरी आल्यासारखं वाटलं आणि लगेच निसटलंही. अडसर घातला नाही, म्हणून काय? दार नुसतं ओढून घेतलं तरी पुरतं. अडसर कशाला लागतो, जेव्हा एवढ्या बर्फातून कोणी येणार नसतं?

पुढच्या रविवारी व्हिटॉक आला नाही. छातीने पुन्हा उचल खाल्ली होती. त्याने बायकोबरोबर, आयव्हीबरोबर निरोप पाठवला: इंजिन नीट तापेपर्यंत चालवा, म्हणजे अँटिफ्रीझ सगळीकडे फिरेल. शेवटी पेट्रोलची तोटी बंद करा आणि ते आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्या. कार्ब्युरेटर कोरडा झाला की हिवाळ्यात चोंदणार नाही.

त्या दिवशी वारा होता. प्रमोदिनीने झडप पूर्ण उघडली, बुडाशी पद्माकर लावायचा ती वीट लावली. बॅटरी बसवली, दिवा लावला, सीटवर चढली. चोक ओढला. या ट्रॅक्टरला चावीने नव्हे, गिअरच्या दांड्याने स्टार्टर लागायचा. तिने तो ढकलला. घर्र, घर्र, घर्र. किचनच्या खिडकीतून ऐकू यायचा तोच आवाज, पण आता तो तिच्या हाताखालून येत होता. चौथ्या वेळी इंजिन खोकलं, हादरलं आणि पकडलं.

ती सीटवर बसून राहिली. भिंतीकडे तोंड, हात स्टिअरिंगवर, डोक्यावर दिवा. मधेच उतरून रेडिएटरला हात लावून बघायची, अजून गार आहे, अजून बसू. इंजिनाच्या आवाजाला हळूहळू एक लय आली. तिला नवल वाटलं, की इथे बसून बरं वाटतंय. चार वर्षांत इतकं बरं कुठेच वाटलं नव्हतं. कपाळ जरा ठणकत होतं, पण ते दिवसभर वाकल्यामुळे असेल. डावीकडे चाकावरच्या पत्र्यावर कोणीतरी बसलंय असं तिला वाटलं, पद्माकर बसायचा तसं, एक पाय खाली सोडून. तिने वळून बघितलं नाही. बघायची गरज वाटली नाही. तोही काही बोलला नाही. आता घाई कसली, असं काहीतरी मनात येत होतं, आणि पापण्या जड होत होत्या.

मग इंजिन अडखळलं. दोनदा उचकी दिल्यासारखं झालं आणि बंद पडलं.

त्या शांततेने ती जागी झाली. बाहेरचा वारा ऐकू आला, पण लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा. तिने मान वळवली. दार लागलेलं होतं.

उतरताना पायांत जोर नव्हता. ती पत्र्याला धरत, भिंतीला धरत दारापर्यंत गेली आणि अंग टाकल्यासारखी झडपेवर पडली. झडप उघडली. ती बाहेर गवतावर पडली आणि तिथेच ओकली. थंड हवा छातीत काचेसारखी शिरत होती. किती वेळ पडून होती ते तिला पुढे सांगता आलं नाही. डोकं फुटेल असं दुखत होतं.

बसता आलं तेव्हा तिने पहिल्यांदा झडपेकडे पाहिलं. वीट बाजूला पडली होती. ती उठली, झडप पुन्हा पूर्ण उघडली, वीट पुन्हा लावली आणि वाऱ्यात उभी राहून बघत राहिली. पूर्वेचा वारा झडपेच्या पाठीत शिरला. झडप थरथरली, विटेवर दाबत राहिली, वीट कलली आणि सरकली. मग झडप मिटली, सावकाश, आवाज न करता, एखाद्याने झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार ओढून घ्यावं तशी. चालू इंजिनाजवळ, पाठमोऱ्या माणसाला ते कळणंच शक्य नव्हतं. दिवा जळत असल्यावर अंधारही होणार नव्हता. तिने हे पुन्हा करून बघितलं, पुन्हा, आणि आणखी एकदा. लॅबमध्ये एकाच नमुन्यावर तिने कधी विश्वास ठेवला नव्हता.

आणि वायूचं ज्ञान? ते तर तिलाही होतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरला की काय होतं, हे तिने विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आज तो तिच्या रक्तात होता, कपाळ ठणकत होतं, आणि ती म्हणत होती वाकल्यामुळे असेल. कळण्याचं काम ज्या डोक्याने करायचं, तेच आधी झोपतं. पद्माकर शहाणा होता म्हणून त्याचं डोकं उशिरा झोपलं असेल असं थोडंच आहे.

शेड बराच वेळ मोकळी सोडून ती पुन्हा आत गेली. इंजिन का बंद पडलं ते बघायचं होतं. टाकीत पेट्रोल भरपूर होतं. तिने खाली वाकून हात घातला. तोटी बंद होती, घट्ट.

ती तिथेच उकिडवी बसली. तोटी शेवटी बंद करायची होती, इंजिन तापल्यावर. शेवटचा हात लावला तेव्हा रेडिएटर तर कोमटच झाला होता. आपण खाली उतरलो, वाकलो, तोटी फिरवली आणि पुन्हा चढून बसलो, यातलं तिला काहीही आठवेना. भ्रमात केलं असेल. शरीर कधी कधी आपल्या नकळत शहाणपणा करतं. तिने स्वतःला असं समजावलं, आणि पुढेही जेव्हा जेव्हा विषय मनात आला तेव्हा असंच समजावलं. पण चाकावरच्या पत्र्यावरची धूळ तिने त्या दिवशी पुसली नाही, आणि तिच्यावर कोणी बसल्याची खूण आहे का, हेही वाकून बघितलं नाही.

संध्याकाळी अलकाचा फोन आला.

"आई, तुझा आवाज कसा येतोय? आजारी आहेस?"

"मी शेडमध्ये होते," प्रमोदिनी म्हणाली, आणि सगळं सांगितलं. वीट, वारा, दार, डोकेदुखी. तोटीचं तेवढं गाळलं.

"आई," अलका म्हणाली. "मला इतका वर्ष वाटत होता की बाबांनी स्वतः केला." व्याकरण पार कोलमडलं होतं आणि या वेळी प्रमोदिनीने सुधारलं नाही. "तुला पण तसाच वाटतो असा मला वाटला. म्हणून मी कधी विचारली नाही."

"मलाही वाटायचं."

"And now?"

"आता नाही वाटत. दार वाऱ्याने लागलं, अलका. ते मला आणायला निघाले होते."

अलका रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. प्रमोदिनी फोन कानाला धरून बसून राहिली. मधे मधे "हो गं, हो," एवढंच म्हणत होती.

तिने भिंतीत लोखंडी कडी ठोकून घेतली आणि झडपेला साखळी लावली. इंजिन पुन्हा तापवलं, या वेळी ट्रॅक्टर अंगणात काढून. बॅटरी किचनमध्ये, रेडिएटरपुढे गोणपाट. डिसेंबर लागला तेव्हा ट्रॅक्टर थंडीला तयार होता. सकाळचा तो आवाज आता येत नव्हता, आणि ती मात्र किचनमध्ये कान देऊन उभी राहायची.

डिसेंबरातल्या एका शनिवारी जे बर्फ पडलं ते पुढे कित्येक वर्षं लोकांच्या बोलण्यात राहिलं. ओलं, जड बर्फ. तारा तुटल्या, गावात वीज नाही, रस्त्यावर कमरेइतके ढीग. दुपारी आयव्ही व्हिटॉक बर्फ तुडवत दारात आली, डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला.

"सिरिलला श्वास घेता येत नाहीये. ॲम्ब्युलन्सवाले म्हणतात मोठ्या रस्त्यापर्यंत येऊ, आत येता येणार नाही."

प्रमोदिनीने कोट घातला, बॅटरी उचलली. शेडमध्ये खुंटीवरची निळी डगली काढून तीही कोटावरून चढवली, कारण वाऱ्यात नुसत्या कोटाने निभावलं नसतं. ट्रॅक्टर दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. मागे सामान न्यायची लोखंडी पेटी जोडलेली होती, तिच्यात सोफ्याच्या गाद्या टाकल्या, व्हिटॉकला दोन रजयांत गुंडाळून बसवलं, आयव्ही त्याला धरून बसली. पहिल्या गिअरमध्ये, पायी चालण्याच्या वेगाने, प्रमोदिनी निघाली. रस्ता कुठे आणि खड्डा कुठे ते कळत नव्हतं. एका वळणावर चाकं नुसतीच फिरायला लागली, तेव्हा ती मागे आली आणि शेताच्या फाटकातून, कुंपणाच्या कडेकडेने गेली. मागून व्हिटॉकचा घरघरणारा श्वास ऐकू येत होता. तो ऐकू येतोय तोवर ठीक आहे, असं ती स्वतःला सांगत होती. तिच्या लक्षात आलं की आपण रस्ताभर मराठीत बोलतोय: "चल बाबा, चल, आणखी थोडं."

मोठ्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. माणसांनी व्हिटॉकला उचलून आत घेतलं, तोंडावर मास्क लावला. त्याने एक हात वर केला, तो निरोपाचा होता की मास्क नको म्हणून, ते कळलं नाही. त्या खेपेला तो वाचला. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात, स्वतःच्या बिछान्यात गेला. ट्रॅक्टर प्रमोदिनीने पुढे बरीच वर्षं ठेवला, आणि हॅसलकोट सोडून अलकाजवळ रीडिंगला गेली तेव्हा गावातच एकाला देऊन टाकला.

पण त्या शनिवारी ॲम्ब्युलन्स आयव्हीलाही घेऊन निघून गेली आणि ती रस्त्यावर एकटी राहिली. बर्फ थांबलं होतं. तिने ट्रॅक्टर वळवला आणि आपल्याच चाकांच्या खुणांवरून परत निघाली. निम्म्या वाटेवर तिला राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आजवर कोणावर रागवायचं तेच ठरलेलं नव्हतं. मुद्दाम गेलेल्या माणसावर रागवायची तिला भीती वाटायची.

"अहो, अक्कल कुठे गेली होती तुमची?" ती इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाली. "एक कडी ठोकता येत नव्हती भिंतीत? चार चार तास त्या शेडमध्ये असायचात, एवढं इंजिन उघडून पुन्हा जोडलंत, आणि दाराला लावायला वीट? मी तिथे उभी होते. थंडीत उभी होते, वाट बघत."

ती बोलत राहिली. फटींचं बोलली, न खाल्लेल्या पोळ्यांचं बोलली, अलकाचं बोलली, सुप्रभाने काय विचारलं ते सांगितलं. गालांवर पाणी गोठत होतं आणि ते डगलीच्या बाहीने पुसताना तोंडाला ग्रीस लागत होतं. डावीकडच्या पत्र्यावर कोणी नव्हतं. तिने या वेळी नीट वळून, दोनदा बघितलं. तरी बोलायची ती थांबली नाही. अंगणात आल्यावर इंजिन बंद केलं आणि सीटवर बसूनच राहिलेलं सगळं बोलून घेतलं, आणि मग चहा टाकायला आत गेली.